फुटाचा भाव

आमच्या सांगलीत फूट दोन प्रकारचे.
एक चौरस, तो एजंट सांगतो.
दुसरा उभा, पुलाच्या खांबावर रंगवलेला,
ऑगस्टात तो सगळ्यांना तोंडपाठ असतो,
भाजीवाल्याला, बालवाडीतल्या पोरालासुद्धा.
चाळीसला माणसं सामान आवरतात,
पंचेचाळीसला एकमेकांना सावरतात.

जिथवर उभा फूट पोचत नाही
तिथल्या चौरस फुटापर्यंत आम्ही पोचत नाही.
विश्रामबागेत पाचशे साठ फुटांचे अडतीस लाख सांगितले.
श्रेणिकनं नुसतं प्यायला पाणी मागितलं.

कुपवाडला बघितलं. तिसरा मजला.
लिफ्टचा खड्डा तयार, लिफ्ट दिवाळीपर्यंत.
कुठली दिवाळी ते आम्ही विचारलं नाही.
आक्का दुसऱ्या मजल्याच्या पायरीवरच बसल्या,
म्हणाल्या, तुम्ही या बघून, मी हितंच ऱ्हाते.
जणू तेवढी जागा त्यांना पुरणार होती.

बँकेतल्या मॅडमना पगाराची स्लिप हवी होती.
श्रेणिक मोटारी भरतो, विहिरीवरच्या, बोअरच्या;
तांब्याच्या तारेचे वेढे तो न बघता मोजतो,
पण वेढ्यांची स्लिप मिळत नाही.
मग माझी दिली.
मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी वजनं लिहिते.
मॅडमनी कागद हातात घेतला, मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं.
पिवळी झाली होती.
हसल्या नाहीत, पण नऊ लाखांचे चौदा केले.

चौदात जे बसतं ते शामरावनगरात बसतं. तळमजला.
मगदूम एजंटनं कुलूप काढलं तेव्हा रंगाचा वास ताजा होता.
"हितं पाणी येतच न्हाई ताई.
आलं तर पायरीला लागून माघारी जातंय,
देवळाला आल्यागत."
पूर्वेला दार, दोन खोल्या, मागं पेरूचं झाड.
कुकर कुठं ठेवायचा ते मी मनात ठरवूनही टाकलं.
आक्का भिंतीवरून तळहात फिरवत चालल्या,
दुकानात साडीचा पोत बघावा तशा.
मग थांबल्या.
"बटणं एवढी वर का रं बाळा?"

सगळी बटणं माझ्या डोक्याच्या वर होती.
फ्रिजचा प्लगसुद्धा.
मगदूम म्हणाला, फॅशन हाय.
आणि त्याचं त्यालाच हसू आलं.
त्या हसण्यानंतर
मी पहिल्यांदा त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवला,
किंमत अजून थोडी खाली येईल, या.

निघताना जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या, दूध घेऊन.
त्यांनी आडनाव विचारलं नाही,
कुठले तुम्ही, किती माणसं, काही नाही.
म्हणाल्या, "फ्रिज केवढा आहे तुमचा?
आधीच्यांचा दोन दरवाजांचा होता, वळणावर अडकायचा.
लहान असला तर आमच्या हॉलमध्ये बसतो.
गाद्या पलंगाखाली.
आजींना मात्र चाळीसलाच वर आणायचं,
पंचेचाळीसची वाट बघत बसायचं नाही."
पिशवीतून दूध ठिबकत होतं पायरीवर,
त्यांचं लक्षच नव्हतं.

श्रेणिकनं माझ्याकडं बघितलं.
आमचा फ्रिज लहान आहे.

खरेदीखतात लिहिलंय चारशे दहा चौरस फूट,
पूर्वेस रस्ता, दक्षिणेस सदनिका क्रमांक दोन.
दुसऱ्या फुटाबद्दल अवाक्षर नाही.
सही करण्याआधी मी सगळी पानं उलटून बघितली,
मागच्या बाजूनंसुद्धा.

भिंतीला लागलेलं जुनं कपाट सरकवलं
तेव्हा रंगाऱ्यानं सोडलेला तुकडा निघाला,
तीन करड्या रेघा, एकीखाली एक.
आक्का म्हणाल्या, लाव कपाट परत.
लावलं.

आर्जवीचा हात अजून बटणाला पोचत नाही.
तिन्हीसांजेला ती लाटणं घेऊन चवड्यांवर उभी राहते,
पहिल्यांदा पंखा लागतो,
मग शेजारची बेल वाजल्यासारखं काहीतरी,
मग दिवा.